दिव्यांगांचे संरक्षण आणि पैरवीकाराचे कर्तव्य

दिव्यांग व्यक्तीवर होणारा अत्याचार पुष्कळदा तिच्या अगदी निकटच्या माणसाकडून होतो. जो हात तिला भरवतो, आंघोळ घालतो, औषध देतो, चाकाची खुर्ची ढकलतो, त्याच हाताला तिला इजा करण्याची, उपाशी ठेवण्याची किंवा तिचे पैसे काढून घेण्याची संधी सर्वांत अधिक मिळते, आणि तक्रार कुठे करायची असली तरी तिथपर्यंत तिला नेणाराही बहुधा तोच असतो. या वस्तुस्थितीला सामोरे गेल्याशिवाय संरक्षणाचा विचार पुढे सरकत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या अत्याचाराचे मूळ शरीराच्या किंवा बुद्धीच्या उणिवेत नसून एकाच माणसावर अथवा एकाच संस्थेवर असलेल्या संपूर्ण अवलंबित्वात आहे; म्हणून जे संरक्षण एका रखवालदाराच्या जागी दुसरा रखवालदार बसवते, ते धोका केवळ एका दारातून दुसऱ्या दारात नेते. दिव्यांगांच्या बाजूने पोलीस ठाण्यात, न्यायालयात, सरकारी कचेरीत आणि निवासी संस्थेत उभा राहणारा जो पैरवीकार, मग तो सनदधारक वकील असो, समाजकार्यकर्ता असो, विशेष शिक्षक असो, पालक-संघटनेचा सदस्य असो वा स्वतः दिव्यांग असो, त्याचे कर्तव्यही याच कसोटीवर तपासले पाहिजे.

या विचारासाठी मुंबईतील अँटॉप हिलचा परिसर विशेष उपयोगी ठरतो. एका बाजूला केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची विस्तीर्ण सीजीएस वसाहत, जिथे बदलीच्या नोकरीमुळे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे शेजारी म्हणून राहतात. दुसऱ्या बाजूला संगमनगर, कोकरी आगार यांसारख्या दाट वस्त्या. आणि थोड्याच अंतरावर, वडाळ्यात, अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. सरकारी वसाहत, श्रमिकांची वस्ती आणि बंदिस्त संस्था या तिन्ही ठिकाणी दिव्यांग माणसाचे आयुष्य वेगवेगळ्या भिंतींच्या आत जाते, परंतु त्या भिंतींबाहेरच्या किती माणसांना त्याची खबर असते, हा प्रश्न तिन्हीकडे सारखाच उरतो.

अॅक्वर्थ रुग्णालयाचा इतिहास या प्रश्नाचा सर्वांत जुना स्थानिक दाखला आहे. मुंबईचे तत्कालीन महापालिका आयुक्त एच. ए. अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये, तेव्हा माटुंग्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उजाड भागात, बेघर कुष्ठरुग्णांसाठी हे आश्रयस्थान उभे राहिले. रस्त्यावर झिडकारल्या गेलेल्या माणसांना छप्पर, अन्न आणि मलमपट्टी मिळाली, हे त्याचे मोल नाकारता येत नाही. मात्र त्या काळच्या व्यवस्थेचा मुख्य हेतू रुग्णाला शहरापासून वाचवण्याचा नव्हता. शहराला रुग्णापासून वाचवण्याचा होता. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक कायद्याने तर निर्धन कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडण्याचा आणि आश्रमात डांबण्याचा अधिकार पोलिसांना दिला. बहुविध औषधोपचार पद्धतीने १९८० च्या दशकापासून हा आजार पूर्ण बरा होऊ लागला, तरीही तो कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला. त्याच वर्षी संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संमत केला आणि त्यातील एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये कुष्ठमुक्त व्यक्तींचाही समावेश केला. ज्या माणसाला एका कायद्याने सव्वाशे वर्षांच्या आसपास धोका मानले, त्यालाच दुसऱ्या कायद्याने हक्कधारक म्हटले. या दोन भूमिकांमधले अंतर कागदावर एका वर्षात मिटले, पण समाजाच्या सवयीत ते अजून मिटलेले नाही.

संरक्षण म्हणजे वेगळे काढणे आणि सुरक्षितता म्हणजे कुलूप, ही सवय किती खोल आहे, हे १९९४ च्या शिरूर प्रकरणाने महाराष्ट्राला दाखवले. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील बौद्धिक दिव्यांग मुली व स्त्रियांच्या शासकीय गृहातील काही जणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना जमत नाही आणि लैंगिक अत्याचारातून गर्भ राहण्याचा धोका टळतो, असे त्याचे समर्थन करण्यात आले. स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-चळवळीतील कार्यकर्त्यांनी याला तीव्र विरोध केला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. या समर्थनातील तर्क नीट तपासला, तर तो भयंकर आहे: गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, थांबतो तो केवळ त्याचा दिसणारा परिणाम, म्हणजे पीडितेचे संरक्षण होत नाही, अत्याचाऱ्याचा पुरावा मात्र नष्ट होतो. त्यातही ज्या स्त्रियांच्या शरीराविषयी हा निर्णय झाला, त्यांना समजेल अशा रीतीने विचारणारा आणि त्यांच्या नकाराला वजन मिळवून देणारा कोणी त्या प्रक्रियेत नव्हता. २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने, मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येणार नाही, असे जे स्पष्ट केले, त्याचे महत्त्व शिरूरच्या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

शिरूरचे गृह सरकारी होते. पण संस्था खासगी असली म्हणून फरक पडतो असे नाही. २०११ मध्ये नवी मुंबईतील कळंबोली येथील दिव्यांग मुलामुलींच्या एका गृहातील लैंगिक अत्याचार उघडकीस आले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने गृहांची पाहणी सुरू केल्यानंतर, आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवले. या घटनेतून निघणारा निष्कर्ष पैरवीच्या दृष्टीने मूलभूत आहे. त्या मुलींना दुःख नव्हते किंवा ते सांगण्याची इच्छा नव्हती म्हणून इतका काळ शांतता राहिली, असे नव्हे. ज्याच्यापाशी सांगावे असा, चालकाच्या उपकाराखाली नसलेला माणूस दारातून आत येत नव्हता. बाहेरचा माणूस आला, त्याने चालकाला बाजूला ठेवून मुलींशी थेट संवाद साधला, आणि तेव्हाच सत्याला वाट मिळाली. निवासी संस्थांची अनपेक्षित भेट, रहिवाशांशी एकांतात बोलण्याचा अधिकार आणि त्यांच्या तक्रारीची संस्थेबाहेर नोंद, या तीन गोष्टी म्हणूनच पैरवीची किमान साधने ठरतात.

संस्थेपेक्षा घर अधिक सुरक्षित, असे गृहीत धरण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील जुन्या इमारतीतली खोली २२५ चौरस फुटांची. त्यात पाच-सहा माणसे राहतात, आई-वडील दोघेही कामाला जातात, आणि सेरेब्रल पाल्सी असलेले, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेले, मूल दिवसभर खोलीत राहते. उद्वाहन बंद पडले की वरच्या मजल्यावरचा चाकाच्या खुर्चीतला माणूस न्यायालयाच्या शिक्षेशिवाय कैदी होतो. अशा ठिकाणी बाहेरून लावलेली कडी क्रौर्यातूनच येते असे नाही, बरेचदा ती नाइलाजातून येते. तरीही आतल्या माणसासाठी ती कडीच असते. अत्याचाराची व्याख्या केवळ मारहाण आणि लैंगिक हिंसा एवढ्यावर थांबली, तर उपासमार, औषध न देणे, वाढीव गुंगीचे औषध देणे, कुबडी किंवा श्रवणयंत्र काढून घेणे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे परस्पर काढणे, वडिलोपार्जित खोलीच्या कागदावर अंगठा उठवून घेणे, हे सारे तिच्या बाहेर राहते. २०१६ च्या कायद्याचे ९२ वे कलम या बाबतीत बरेच डोळस आहे: चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान, आपल्या ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे, आपल्या वर्चस्वाचा वापर करून दिव्यांग स्त्रीचे किंवा मुलाचे लैंगिक शोषण करणे, तसेच अवयवाला, इंद्रियाला वा सहायक साधनाला इजा करणे, या कृत्यांना त्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे.

याच कायद्याचे सातवे कलम पैरवीकाराच्या कामाचा खरा पाया आहे. अत्याचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे शांतता व प्रतिबंधक उपाय यांचे अधिकार असलेल्या प्रशासकीय अधिकाऱ्याला, त्याची माहिती देऊ शकते. पीडितेची सुटका, तिच्या सुरक्षित निवासाची व्यवस्था आणि तिच्या निर्वाहाची तरतूद यांचे आदेश तो देऊ शकतो. आणि ज्याच्याकडे तक्रार आली किंवा ज्याला घटनेची खबर मिळाली, त्या पोलीस अधिकाऱ्याने पीडितेला संरक्षणासाठी अर्ज करण्याचा हक्क, जवळच्या पुनर्वसन संस्थेचा तपशील आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क सांगितलाच पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला ही मोफत मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. तरतूद इतकी थेट असताना ती वापरात कमी येते, याचे एक कारण हे, की शेजाऱ्याला, शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी सेविकेला आणि ठाण्यातल्या अंमलदारालाही तिची माहिती नसते.

सातव्या कलमातील एक छोटी अट संपूर्ण विचाराची दिशा ठरवते. दिव्यांग व्यक्तीला संरक्षणात्मक ताब्यात ठेवण्याचा आदेश देता येतो, पण ती व्यक्ती तशी इच्छा व्यक्त करत असेल तरच. १८९८ च्या कायद्यात ज्याला पकडायचे त्याची इच्छा विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आता संरक्षणाची वैधताच इच्छेवर उभी आहे. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराने शोषण, हिंसा व छळापासून मुक्ततेचा हक्क सोळाव्या अनुच्छेदात सांगितला, आणि त्याच्या आधी, बाराव्या अनुच्छेदात, कायद्यापुढे इतरांइतकीच निर्णयक्षमता असण्याचा हक्क मान्य केला. हे दोन हक्क एकमेकांना पूरक आहेत, कारण ज्याचा शब्द कायद्यात मोजला जात नाही, त्याच्यावर हात टाकताना कोणालाही भीती वाटत नाही.

शब्द मोजला जाणे ही गोष्ट प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात आणि साक्षीच्या पिंजऱ्यात ठरते. २०१३ च्या फौजदारी कायदा सुधारणेने लैंगिक गुन्ह्यातील दिव्यांग पीडितेची खबर तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवण्याची आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करण्याची तरतूद केली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ती कायम आहे. दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेला तिचा जबाब सरतपासणी म्हणून धरता येतो, म्हणजे तीच वेदना पुन्हा पुन्हा सांगण्याची सक्ती कमी होते. एप्रिल २०२१ मध्ये पाटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात, जिथे पीडिता दृष्टिहीन आणि अनुसूचित जातीची होती, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दिव्यांग साक्षीदाराची साक्ष केवळ दिव्यांगत्वामुळे दुबळी ठरत नाही. आवाजावरून आरोपीला ओळखणारी दृष्टिहीन स्त्री डोळस साक्षीदारापेक्षा कमी विश्वासार्ह नसते. अशा खटल्यांत पैरवीकाराचे काम साक्ष पढवण्याचे नसून साक्षीची वाट मोकळी करण्याचे आहे: कर्णबधिर मुलगी शाळेत शिकलेली सांकेतिक भाषा वापरते की फक्त घरात समजणाऱ्या खुणा, हे पाहून योग्य दुभाषी मिळवणे, बौद्धिक दिव्यांग मुलाला तारीख सांगता येत नसेल, तर गणपती, दिवाळी, शाळेची सुट्टी यांच्या आधाराने काळ विचारावा, हे तपास अधिकाऱ्याला पटवणे, आणि आरोपी घरचाच असेल, तर तो दुभाषा बनून शेजारी बसणार नाही, याची खबरदारी घेणे.

मध्य मुंबईत या कामाला आधार देणारे ज्ञान दुर्मीळ नाही. शिवडीच्या जय वकील शाळेला बौद्धिक दिव्यांग मुलांसोबत काम करण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे, दादरमध्ये दृष्टिहीन मुलींची जुनी शाळा आहे, आणि श्रवणदोषाच्या क्षेत्रातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आहे. उणीव आहे ती या ज्ञानाला पोलीस ठाणे आणि न्यायालय यांच्याशी जोडणाऱ्या नियमित व्यवस्थेची. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीसाठी दुभाष्यांची आणि विशेष शिक्षकांची नावे आधीच नोंदलेली असावीत, त्यांच्या मानधनाची सोय व्हावी आणि रात्री-बेरात्रीही ते उपलब्ध असावेत, ही मागणी पैरवीकारांनी सातत्याने लावून धरणे आवश्यक आहे. कारण खबर नोंदवण्यात गेलेले पहिले काही दिवसच पुष्कळदा पुरावा आणि पीडितेचा धीर दोन्ही खाऊन टाकतात.

जी व्यक्ती कोणत्याही खुणेने आपली इच्छा व्यक्त करू शकत नाही, तिच्या वतीने कोणी बोलावे, हा सर्वांत कठीण प्रश्न परळच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात उभा राहिला. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने केलेल्या हल्ल्यानंतर या परिचारिका मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. हल्लेखोराला शिक्षा झाली ती जीवघेण्या हल्ल्यासाठी आणि चोरीसाठी, लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. त्यांना मरण द्यावे, अशी पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने, अरुणाताईंचे हितचिंतक म्हणून याचिकाकर्तीला नव्हे, तर इतकी वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना मान्यता दिली. रोजच्या सहवासातून येणारी जाण बाहेरच्या कळवळ्यापेक्षा अधिक प्रमाण मानावी, हे तत्त्व त्यातून निघते आणि ते योग्य आहे; पण शिरूर आणि कळंबोली यांच्याजवळ ठेवून पाहिले, तर त्याची मर्यादाही दिसते. रोजचा सहवास हा जाणकारीचा पुरावा आहे, निर्दोषतेचा नव्हे. केईएममधील शुश्रूषा अनेक परिचारिकांच्या हातून, एका सार्वजनिक रुग्णालयात, सर्वांच्या नजरेसमोर आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होती; तिच्या विश्वासार्हतेचे मोठे कारण त्या अनेक हातांत होते.

या भूमिकेवर पहिला आक्षेप कुटुंबाच्या बाजूने येतो. आयुष्यभर मुलाचे करणाऱ्या आईला बाहेरच्या कार्यकर्त्याने जाब विचारणे अन्यायाचे नाही काय, असे विचारले जाते. आक्षेपामागचा थकवा खरा आहे आणि त्याला उत्तर संशयाने देता येत नाही. परंतु ज्या आईला दिवसाकाठी दोन तासांची उसंत मिळते, जिच्या मुलाला दिवसाच्या केंद्रात जागा मिळते, मुलाला फिट आल्यावर काय करावे हे जिच्या शेजारणीला ठाऊक असते, तिच्या घरातली कडी आपोआप सैल होते. म्हणजे पैरवीचा मोठा भाग कुटुंबाविरुद्ध नसून कुटुंबासाठीच असतो. जिथे पालकत्वाचा दुरुपयोग होतो, तिथे मात्र भीड ठेवून चालणार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यासारखा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी स्थानिक स्तर समिती सांगितली आहे. तीच कायदेशीर पालक नेमते आणि पालक छळ करत असेल, पाल्याकडे दुर्लक्ष करत असेल किंवा त्याच्या मालमत्तेचा अपहार करत असेल, तर त्याला दूरही करू शकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तक्रार केली, आरोपी घरातला कमावता माणूस निघाला, तो तुरुंगात गेला आणि पीडितेची रवानगी गृहात झाली, तर न्याय मिळाला की शिक्षा? या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात पूर्ण उत्तर नाही, आणि ते टाळणारा पैरवीकार प्रामाणिक नाही. उत्तराची दिशा मात्र स्पष्ट आहे: शक्य तिथे घरातून बाहेर जावा तो अत्याचारी, पीडिता नव्हे, निर्वाहाचा आदेश तक्रारीबरोबरच मागितला जावा, निकालाची वाट पाहून नव्हे, आणि वस्तीतच, ओळखीच्या बाजारपेठेजवळ आणि शाळेजवळ, थोड्या माणसांची साहाय्य असलेली घरे उभी राहावीत, ज्यांना दूरच्या मोठ्या गृहाची सक्ती नको असेल त्यांच्यासाठी. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला; त्याच्या यशाची एक रास्त कसोटी हीच असेल, की तक्रार करणाऱ्या दिव्यांग स्त्रीपुढे अत्याचाराचे घर आणि अनोळखी गृह यांखेरीज तिसरा पर्याय आहे की नाही.

या साऱ्यात पैरवीकार स्वतः नवा मालक होण्याचा धोका असतोच. पीडितेपेक्षा अधिक शिकलेला, कचेऱ्यांची भाषा जाणणारा, वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचलेला माणूस तिच्या वतीने बोलता बोलता तिच्या जागी बोलू लागतो. तिला समझोता हवा असताना लढा चालवतो किंवा तिला लढायचे असताना तिच्या भल्यासाठी माघार घेतो. २०१६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमाने, निर्णयासाठी साहाय्य करणाऱ्याने अनुचित प्रभाव टाकू नये, स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा आणि हितसंबंधांचा संघर्ष असेल त्या व्यवहारातून बाजूला व्हावे, असे बंधन घातले आहे. ते बंधन पैरवीकारालाही लागू आहे असे मानले पाहिजे. म्हणूनच दिव्यांग व्यक्तींनी स्वतः पैरवीकार होणे, बौद्धिक दिव्यांग तरुणांना नाही म्हणण्याचा, स्पर्श ओळखण्याचा आणि मदत मागण्याचा सराव देणे, हे कोणत्याही खटल्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

शेवटी जबाबदारी वस्तीकडे येते. ऑगस्ट २००२ मध्ये मुंबईच्या चालत्या लोकल गाडीत एका बौद्धिक दिव्यांग मुलीवर सहप्रवाशांच्या देखत बलात्कार झाला. त्या डब्यात साक्षीदार होते, पाठीराखा नव्हता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. एवढ्या लोकांचे संरक्षण मूठभर संस्था आणि कार्यकर्ते करू शकणार नाहीत, आणि त्यांनी एकट्यांनी ते करूही नये, कारण मूठभरांच्या हाती गेलेले संरक्षण पुन्हा मूठभरांवरचे अवलंबित्व होते. अँटॉप हिलच्या वसाहतीतील गणेशोत्सव मंडळ, वस्तीतील महिला बचत गट, सोसायटीची समिती, महापालिकेच्या शाळेतील शिक्षक आणि ठाण्यातील अधिकारी यांना आपल्या परिसरातील दिव्यांग माणसे नावाने ठाऊक असणे, ती काही दिवस दिसली नाहीत तर दार ठोठावण्याची रीत पडणे आणि त्या दारातून आलेला शब्द, तो कितीही तुटक असो, ऐकून पुढे नेला जाणे, ही पैरवीची पूर्णावस्था होय. दिव्यांग माणूस दुसऱ्यावर अवलंबून आहे, हे त्याच्या असुरक्षिततेचे कारण नाही, कारण अवलंबून तर प्रत्येक माणूस असतो. इतरांना आधार बदलण्याची मुभा असते आणि त्याला ती नसते, एवढाच भेद आहे. ती मुभा त्याला मिळवून देणे हे पैरवीकाराचे कर्तव्य आहे, आणि ज्या दिवशी दिव्यांग व्यक्ती पैरवीकारालाही बदलू शकेल, त्या दिवशी ते कर्तव्य पुरे झाले असे म्हणता येईल.